वाटीखालची खारी

आमच्या घरात काही अवघड बोलायचं असलं की मला पुढे करतात. बँकेत, दवाखान्यात, रेशनच्या दुकानात, चाळीच्या मीटिंगला आलेल्या बिल्डरच्या माणसाशी. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे मला नीट बोलता येतं असं सगळ्यांनी ठरवून टाकलं आहे. खरं तर बोलताना मला फार विचार करावा लागतो, आणि बऱ्याचदा बोलून झाल्यावर कळतं की हे बोलायचं नव्हतं. पण हे मी घरी कधी सांगितलं नाही. पुढे केलं जाणं मला आवडायचं.

आजी गेली त्या दिवशीही मलाच पुढे केलं. त्या दिवसाबद्दल लिहायचं आहे, पण त्याआधी आत्याबद्दल सांगावं लागेल.

आत्या म्हणजे बाबांची सख्खी बहीण नव्हे. घोडपदेवच्या आमच्या चाळीत ती शेजारच्या खोलीत लहानाची मोठी झाली, बाबांना राखी बांधायची, म्हणून मी तिला आत्या म्हणते. तुम्ही मराठी मालिका बघत असाल तर चेहऱ्याने तिला नक्की ओळखाल, नावाने कदाचित नाही. लहानपणी ती लालबागला मसाल्याच्या दुकानात मिरच्यांची देठं काढायला जायची. संध्याकाळी डोळे लाल घेऊन यायची आणि मंडळाच्या नाटकाच्या तालमीला बसायची. गणपतीतली नाटकं, मग कामगारांच्या स्पर्धा, मग एका व्यावसायिक नाटकात दोन प्रवेशांची मोलकरीण. तिथून ती टीव्हीवर गेली. तिला नेहमी विचित्र बायका मिळाल्या. गॅसच्या सिलिंडरशी गप्पा मारणारी शेजारीण. उघड्या डोळ्यांनी झोपणारी लॉजची मालकीण. दवाखान्यात नंबर पुकारताना प्रत्येकाचा आजार मोठ्याने सांगणारी बाई. नायिकेची आई तिला कधी कुणी केलं नाही. ती म्हणायची की माझा चेहरा बघितला की दिग्दर्शकाला आधी हसू येतं, आईपण सुचतच नाही. हे ती तक्रार म्हणून सांगत नसे. काम मिळतंय यातच ती खूश होती.

तिची सगळ्यात गाजलेली भूमिका मात्र चार वर्षांपूर्वी आली, आणि ती आमच्या आजीची होती.

आमची आजी मूळची मालवणकडची. चाळीत कुणी गेलं की तिला बोलावणं यायचं. ती रडायची, पण नुसती नाही. गेलेल्या माणसाशी बोलत, त्याच्या सवयी आठवत, एका लयीत रडायची, आणि तिच्या मागोमाग ज्या बायकांना रडू फुटत नव्हतं त्यांनाही फुटायचं. घरच्या माणसांना मोकळं करायचं काम होतं ते. गावाकडे अशा बायका असत असं बाबा सांगतात. आमच्या चाळीत आजी शेवटची. आत्या सात-आठ वर्षांची असताना एका मयताच्या घरी आजी अशीच सुरात रडत होती, आणि मध्येच थांबून साध्या आवाजात म्हणाली, "दूद उतू जाता, गॅस बंद कर गो." आणि जिथे सोडला होता त्याच सुरावर परत रडायला लागली. आत्याला हसू आवरेना. तिच्या आईने तिला बाहेर नेऊन दोन धपाटे घातले. त्यानंतर कित्येक वर्षं आत्या गॅलरीत आजीची नक्कल करायची आणि सगळ्यात जास्त आजीच हसायची.

मालिकेत आत्याने तेच केलं. कुणीही मेलं तरी हजर होणारी एक काकू. ओळख असो-नसो, दारातूनच सूर लावून रडत येणार, आणि ऐन भरात थांबून साध्या आवाजात म्हणणार, "साखर कमीच घाला हं." मग परत सूर. आधी दोनच भागांचं काम होतं. लोकांना इतकं आवडलं की लेखकाला दर पंधरवड्याला कुणाला तरी मारावं लागायचं. आमच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये मुलं चहा मागताना तेच वाक्य म्हणायची. मी त्यांना सांगायचे की ही माझी आत्या आहे. ही नक्कल माझ्या आजीची आहे हे सांगितलं नाही.

आजी एकही भाग चुकवायची नाही. संपला की फोन लावायला सांगायची आणि आत्याला ऐकवायची, "तिसऱ्या खेपेक श्वास कमी पडलो गो तुझो." आत्या पलीकडून "होय आये, होय आये" करायची. तीही आजीला बाबांसारखंच आये म्हणते.

गेल्या दिवाळीत आत्या फराळाला आली होती. मी मोरीजवळच्या कोपऱ्यात परीक्षेचा अभ्यास करत बसले होते. आजी चकली हिरड्यांत घोळवत तिला म्हणाली, "माझ्या वेळाक तूच रड हां. ह्येंका सूर नाय." ह्येंका म्हणजे आम्हाला. आत्या म्हणाली, रडेन, पण चहा पाहिजे. दोघी हसल्या. मग आजी जरा गंभीर झाली आणि तिने सांगितलं की रडूक दोन खऱ्यो गोष्टी लागतत, बाकीचो नुसतो सूर. त्या दोन गोष्टी आधी विचारून घ्यायच्या, नाहीतर रडणं खोटं होतं. आई स्वयंपाकघराच्या पडद्यामागे होती आणि बाबा ड्युटीवर. ऐकणारी मी एकटी. मी पुस्तकातून डोकं वर काढलं नाही.

आजी फेब्रुवारीत गेली. सकाळी चहा घेतला, जरा पडते म्हणाली, आणि आई उठवायला गेली तर उठली नाही. त्रास झाला नाही. बाबा एका मॉलमध्ये सिक्युरिटीला आहेत, ते रात्रपाळी करून नुकतेच आले होते. काका बदलापूरहून यायचा होता म्हणून थांबलो. तोवर गॅलरी भरली. आजी एवढ्या जणांसाठी रडली होती, त्यामुळे सगळे आले. पण आता घरात कुणालाच तसं रडता येत नव्हतं. बायका डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. अगरबत्तीचा धूर आणि पंख्याचा आवाज, एवढंच.

दुपारी खालून मुलांचा गलका ऐकू आला. आली, आली. आत्या टॅक्सीतून उतरत होती. ती भाईंदरच्या पुढे शूटिंगला होती, बातमी कळताच तशीच निघाली होती. तशीच म्हणजे खरोखर तशीच. अंगावर त्या काकूची हिरवी-जांभळी साडी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, डोळ्यांत जाड काजळ. गजरा तेवढा काढून टाकलेला, पण आकडे केसांतच होते. मी कठड्यावरून पाहिलं तेव्हा दोन मुलांनी मोबाईल वर धरले होते. तिसरा त्यांना गप्प करायचं सोडून स्वतःच हसत होता.

काकासोबत नुकतीच पोचलेली काकी आत येऊन बाबांना म्हणाली, "भावोजी, ती आली. ती रडायला लागली तर लोक हसतील हो. आयेच्या मयतात हसणं नको."

बाबा आजीच्या पायाशी बसले होते. त्यांनी वर पाहिलं. मग मला म्हणाले, "तू जा. जरा समजावून सांग तिला. तुला नीट बोलता येतं."

एवढंच ते म्हणाले. मी हे वाक्य नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. येऊ नको असं सांग, हे त्यात कुठेच नाही. कदाचित त्यांना म्हणायचं होतं की जरा वेळाने ये, किंवा तोंड धुऊन ये, किंवा हळू रड. मी विचारलं नाही.

जिन्याच्या वळणावर आत्या मला भेटली. चढून दम लागला होता. तिने माझा हात घट्ट धरला आणि पहिलं वाक्य विचारलं ते हे, "काय खाल्लं होतं गो तिनं सकाळी?"

मला कळलंच नाही.

"शेवटचं. आणि रागावली होती कुणावर? कशावर तरी रागावली असणारच ती."

मी तिच्या कपाळावरच्या त्या कुंकवाकडे बघत होते. खालून कुणीतरी जिन्यातून डोकावत होतं. वर माझी आजी होती, आणि ही बाई तिच्या नकलेच्या कपड्यांत, तिच्या रडण्यावर मिळवलेल्या कुंकवात, तिने शेवटचं काय खाल्लं ते विचारत होती. मला वाटलं, हिला पुढच्या भागासाठी हवं आहे. मला खरंच तसं वाटलं, आणि इतका राग आला की कान गरम झाले.

"हे सीरियलसाठी नको, प्लीज," मी म्हणाले. "तुम्ही वर येऊ नका. बाबांनी सांगितलंय."

जन्मभर मी तिला तू म्हणत आले होते.

तिने माझा हात सोडला. पदर डोक्यावरून घेतला, कुंकू झाकलं जाईल इतका पुढे ओढला. "बरं," म्हणाली आणि खाली गेली.

आजीला खाली आणलं तेव्हा ती फाटकापाशी मंडळाच्या फळ्याला टेकून उभी होती. खांद्यावर तिरडी घेऊन जाणाऱ्या बाबांनी तिला पाहिलं की नाही, मला माहीत नाही. एक मुलगा तिला फोटो विचारायला गेला, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आजीला भोईवाड्याच्या स्मशानात नेलं. चाळ शांत होती. कुणी हसलं नाही. काकी म्हणाली, नीट पार पडलं बाई सगळं. मलाही तेव्हा तसंच वाटलं, आणि थोडा अभिमानही वाटला.

संध्याकाळी आमच्याकडे चूल पेटवायची नव्हती, म्हणून समोरच्या खोलीतल्या काकू पिठलं-भात घेऊन आल्या. पातेलं ठेवून माझ्याजवळ बसल्या आणि त्यांचे मिस्टर गेले तेव्हाचं सांगू लागल्या. आजी जिना चढून आली आणि आधी त्यांच्या मुलाला बाजूला घेऊन विचारलं, काय खाल्लं होतं रे त्यांनी शेवटचं, रागावले होते का कुणावर. मुलगा म्हणाला, शिरा मागितला होता आणि आईने डॉक्टरांच्या भीतीने दिला नाही. "तुझी आजी शिऱ्यावर जी रडली," काकू म्हणाल्या, "तेव्हा मला पहिल्यांदा हुंदका फुटला. तोवर नुसती दगड झाले होते."

मी हो, हो म्हणत ऐकत होते. मग मला दिवाळीतली चकली आठवली, दोन खऱ्यो गोष्टी आठवल्या, आणि जिन्याच्या वळणावर माझा हात धरून आत्या काय करत होती ते एकदम समजलं. भात तोंडात फिरत राहिला.

जेवणाची भांडी आवरताना मला ओट्याच्या कोपऱ्यात एक स्टीलची वाटी पालथी घातलेली दिसली. उचलली तर खाली बशीत अर्धी खारी. आईला विचारलं तेव्हा ती भिंतीला टेकून म्हणाली की सकाळी आजीने चहात खारी बुडवली, ती मऊ निघाली म्हणून चिडली, बेकरीवाल्याने शिळी दिली असं म्हणाली आणि उरलेली अर्धी वाटीखाली ठेवली. त्याला दाखवायला. पुरावा. आई सांगता सांगता हसली आणि मग तोंडावर हात ठेवून मोरीत गेली.

म्हणजे दोन्ही गोष्टी तिथेच होत्या. शेवटचं खाणं आणि शेवटचा राग, एकाच वाटीखाली. मी ती वाटी परत तशीच ठेवली.

दहाव्याला आम्ही दादरला समुद्राच्या कडेला गेलो. हल्ली आमच्याकडे बायकाही जातात. भटजींना घाई होती, मागे दुसरी दोन कुटुंबं ओळीत होती. पिंड ठेवला आणि आम्ही बाजूला होऊन कावळ्याची वाट बघू लागलो. कावळे पुष्कळ होते. भिंतीवर ओळीने बसले होते. त्यातला एक शेजारच्या पानावरून वडा घेऊन गेला. आमच्या पिंडाकडे कुणी फिरकेना.

भटजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल. बोला कुणीतरी."

बाबांनी हात जोडले. "आये, तंबाखू सोडतो." आजी त्यांच्या तंबाखूवर सतत बोलायची. कावळा हलला नाही. काका म्हणाला की गावचं घर विकणार नाही, गणपतीला जाऊन कुलूप काढू. काकीने सांगितलं की तुमच्या पितळी भांड्यांवरून आम्ही भांडणार नाही, आणि आईकडे न बघता हेही सांगितलं की मोठा हंडा वहिनींनाच राहू दे. कावळे ऐकत बसल्यासारखे बसले होते. काका हळूच म्हणाला की पोट भरलंय साल्यांचं. भटजींनी घड्याळ पाहिलं.

मग आई पुढे झाली. "नातीला शिकवू," ती म्हणाली. "तिला पाहिजे तेवढं. लग्नाची घाई करणार नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाबांच्या चेहऱ्यावर खात्री दिसत होती की हेच असणार. मी खाली वाळूकडे बघत राहिले. समाजशास्त्राच्या पेपरात मी कर्मकांडावर चांगलं उत्तर लिहिलं होतं. कावळा ही भुकेची गोष्ट आहे, इच्छेची नाही, हे मला माहीत होतं आणि आजही माहीत आहे. त्याच्याच आडोशाला मी उभी होते. कारण इच्छा काय होती हेही मला माहीत होतं, कावळा असो की नसो. ते सांगायचं तर जिन्यात काय बोलले ते सांगावं लागलं असतं, आणि बाबांचं नाव घेऊन बोलले तेही. मी मनातल्या मनात म्हटलं की आत्याला आणते, आजी. कावळा आला नाही. आला असता तरी मला वाईटच वाटलं असतं.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. शास्त्रात सोय आहे म्हणाले. आम्ही आंघोळ करून घरी आलो.

बाबांनी तंबाखू खरोखर सोडली. पुडी देवाच्या फोटोमागे ठेवून दिली आणि दिवसातून दहा वेळा तिकडे हात जायचा. ड्युटीवरून आले की चिडचिड करायचे, मग बसून राहायचे. "तिला काय हवं होतं कळलं नाही," असं मध्येच म्हणायचे, कुणाला उद्देशून नाही. आई म्हणायची, अहो, मुंबईचे कावळे ते. बाबा म्हणायचे, "नाय गो, आये अडून बसली होती. तिचा स्वभाव." रात्रपाळीला जाताना दारात थांबून एकदा त्यांनी मला विचारलं की तू तिच्यापाशी झोपायचीस, तुला काही बोलली होती का. मी नाही म्हणाले.

त्याच आठवड्यात मी आत्याकडे गेले.

ती आता लालबागला एका नव्या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहते. एक खोली आणि स्वयंपाकघर, खिडकीतून मसाल्याचा वास येतो. दार उघडलं तेव्हा केसांना तेल लावलेलं, गाऊनवर टॉवेल, हातात मोबाईल. उद्याचे सीन आले होते, ते ती पुटपुटत होती. मला बघून आश्चर्य वाटलं असं तिने दाखवलं नाही. बस म्हणाली. मी उभ्या उभ्या बोलून टाकलं. बाबांनी तसं सांगितलं नव्हतं, माझा गैरसमज झाला, तू का विचारत होतीस ते मला उशिरा कळलं, मला माफ कर. मी ही वाक्यं ठरवून आले होते, तरी मध्येच अडखळले.

ती ऐकून घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि चहा ठेवला. तिथूनच बोलायला लागली, माझ्याकडे पाठ करून. "तुझ्या जागी मी असते तर मीही हाकललं असतं. त्या साडीत." मग म्हणाली की ही भूमिका आल्यापासून तिला कुठल्याच मयताला जाता येत नाही. जाते, खालूनच परत येते. तिच्या थोरल्या भावाच्या वेळी ती कोपऱ्यात तोंड मिटून बसली होती, तर भावाची मेहुणी कानाशी येऊन म्हणाली, रडा ना हो, सगळे वाट बघताहेत. "मला तिथं रडू आलं असतं गो. पण ते माझं आहे की त्या काकूचं, मलाच कळेना. मग नाहीच रडले."

मी विचारलं, "मग आता आमच्याकडे ये ना. बाबा पण..."

"आता कशाला. मयत गेलं. रिकाम्या खोलीत कोण रडतं?" तिने चहा गाळला. "आणि आले तर ती पोरं मोबाईल घेऊन येतीलच. मला रडायला आता एकच जागा उरली आहे."

मला तेव्हा या वाक्याचा अर्थ लागला नाही. ती कप घेऊन समोर बसली आणि तिने परत तोच प्रश्न विचारला, अगदी जिन्यातल्यासारखा. काय खाल्लं होतं तिनं?

मी खारीचं सांगितलं. मऊ निघाली, चिडली, अर्धी वाटीखाली ठेवली, पुरावा म्हणून. आत्या आधी हसली, चहा सांडेपर्यंत हसली. मग थांबून म्हणाली, "दाखवलीस का बेकरीवाल्याला?"

"नाही."

"दाखवायची ना गो."

आणखी काही झालं नाही. आम्ही चहा प्यायलो. निघताना तिने आजीच्या श्वासाची आठवण काढली, की तिसऱ्या वेळी कुठून आणायची एवढा श्वास देव जाणे.

महिनाभराने, एका संध्याकाळी, मालिकेत कुणीतरी म्हातारी मेली. बाबा घरी होते. आई भाजी निवडत होती. टीव्हीवर ती काकू दारातून आली, तीच हिरवी-जांभळी साडी, मागे तेच टुणटुण संगीत. आणि सूर लावून रडायला लागली.

"अर्धी खारी वाटीखाली ठेवून गेलीस गं माये. मऊ निघाली म्हणून रागावलीस गं माये. आता बेकरीवाल्याला कोण दाखवणार गं माये."

संगीत वाजत होतं. शेजारच्या खोलीतून मोठ्याने हसण्याचा आवाज आला, त्यांच्याकडेही तीच मालिका चालू होती. आई आधी हसली आणि मग तिचा हात भाजीवरच राहिला. मी टीव्हीकडे बघू शकत नव्हते. जिन्यात मी तिच्यावर जो आळ घेतला होता, तो आता खरा झाला होता. आजीची खारी घराघरांत हसण्यासाठी गेली होती, आणि ती नेऊन देणारी मी होते. आणि त्याच वेळी आजीने मागितलं होतं ते तिला मिळत होतं, जिने द्यायचं तिच्याकडूनच. यातलं कुठलं मोठं मानायचं, हे मला आजही ठरवता येत नाही.

टीव्हीवर ती ऐन भरात थांबली. आता साखरेचं वाक्य येणार. पण ती काही बोललीच नाही. नुसती थांबली, नेहमीपेक्षा जास्त, संगीतही जरा चाचपडलं. मग परत सूर. आणि जाहिराती लागल्या.

बाबा म्हणाले, "खारीचं तिला कुणी सांगितलं?"

मी सांगितलं. जाहिराती चालू असताना सगळं सांगितलं. दिवाळीतलं, जिन्यातलं, तुमचं नाव घेतलं ते, दादरला गप्प राहिले ते, तुम्ही दारात विचारलंत तेव्हा नाही म्हणाले ते. बाबा माझ्याकडे न बघता ऐकत होते. त्यांचा हात फोटोमागे गेला आणि रिकामाच परत आला.

"मी समजाव म्हटलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"येऊ नको म्हण, असं नव्हतं म्हटलं."

"हो, बाबा."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मालिका परत सुरू झाली होती पण आईने आवाज बंद केला. बाबांनी मोबाईल घेतला आणि आत्याला लावला. पलीकडून तिने हॅलो म्हटल्याचं मला ऐकू आलं. बाबांनी घसा खाकरला आणि आजीच्या चालीवर म्हणाले, "तिसऱ्या खेपेक श्वास कमी पडलो गो तुझो."

पलीकडून जे रडणं ऐकू आलं त्याला सूर नव्हता. खोकल्यासारखं, तुटक, मध्येच नाक ओढलेलं. बाबा मोबाईल कानाला तसाच धरून, डोळे मिटून बसले. त्यांच्याही गालांवर पाणी आलं. आजी गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी मोबाईल माझ्यापुढे केला. "घे," म्हणाले. "तू बोल तिच्याशी. तुला नीट बोलता येतं."

ते टोचून म्हणाले की सवयीने, ते मला कळलं नाही. मी मोबाईल कानाला लावला. आत्या अजून नाक ओढत होती.

"आत्या," मी म्हणाले, "तू जेवलीस का?"